पुढच्या दारानं आलेली पोरगी

लातुरात आमच्या पुढच्या खोलीत मी मराठी व्याकरणाची ट्यूशन घेते. रोज पाच वाजता वीसेक लेकरं सतरंजीवर बसतात. एकच गोष्ट त्यांनी दहादा विचारली, तरी मी दहादा सांगते. आयाबाया म्हणतात, मॅडम लई शांत आहेत. शांत! आत स्वयंपाकघरात येऊन बघा म्हणावं.

माझी स्वतःची पोरगी आठवीत. तिला मी ट्यूशन सुटल्यावर स्वयंपाकघरात, भाकरी थापता थापता शिकवायची. समास म्हटलं की हिच्या पोटात दुखायचं. "सांग, कोणता समास?" गप्प. "मूग गिळून बसलीस का गं?" गप्पच. माझं डोकं फिरायचं. लोकांची लेकरं मी शिकवायची आणि माझ्याच घरात दिव्याखाली अंधार! सासूबाई मधे पडायच्या, "लेकरू हाय ते, किती बोलतीस?" मग मी त्यांच्यावरही घसरायची.

एकदा तिनं वहीच मिटली. "मला न्हाई शिकायचं तुझ्याकडून," म्हणाली. माझ्याकडून नाही? मी पट्टी उचलली आणि तिच्या हातावर सणसणीत ओढली. ती रडली नाही. त्याचा मला आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी ट्यूशन भरली होती. ही बया मागच्या दारानं बाहेर पडली, गल्लीतून वळसा घालून पुढच्या दारात आली. सगळ्यांच्या चपलांशेजारी चपला काढल्या आणि सतरंजीच्या टोकाला वही उघडून बसली.

"मॅडम, मला समास समजला नाही."

लेकरं फिदीफिदी हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. 'आत चल, दाखवते तुला मॅडम,' अगदी ओठांवर आलं होतं. पण वीस जोडी डोळे माझ्याकडं बघत होते. मग लोकांच्या लेकरांना सांगते तसं तिलाही सांगितलं. कळलं नाही म्हणाली. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा तिनं घडाघडा उत्तर दिलं, एकही चूक नाही. कितीतरी महिन्यांनी माझ्यासमोर तिचा आवाज मोकळा निघाला. मला इतका आनंद झाला, की वहीवर बरोबरची खूण करायला मी लगबगीनं तिच्यापुढं वाकले.

तिनं झटकन दोन्ही हात पाठीमागं घेतले.

आग लागो माझ्या रागाला! इतकी वर्षं शिकवते, पण त्या सतरंजीवर बसलेल्या एकाही लेकरानं माझ्यापुढं असे हात लपवले नव्हते.