एका वर्षाचं कार्ड

नोरा एकर्स्लीने उभ्या आयुष्यात लहान पुडा म्हणून घेतला नाही. आमच्या ॲक्रिंग्टनच्या बाजारात कुणालाही विचारा. चहा घेणार तो सहा महिन्यांचा, साबण डझनाने, आणि एकटा जीव सदाशिव असूनही बटाटे पोतंभर. "मोठं घेतलं की स्वस्त पडतं," हे ती दुकानदारालाच उलट ऐकवायची. अडतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांची जेवणं केली तिने. आज किती ताटं, उद्या किती उरणार, हे तिला हजेरी न बघता कळायचं. कस्टर्डचा करपलेला थरसुद्धा वाया जाऊ द्यायची नाही. तोंडाने फटकळ, पण उपाशी पोर तिच्या नजरेतून कधी सुटलं नाही.

धाकटी बहीण डोरीन नेमकी उलटी. हातात आलं की उडवलं. लग्न करून ती मेरीपोर्टला गेली, वर समुद्रकाठी. नवरा बोटीवर होता, तो गेला. मूलबाळ झालं नाही. नोराचं तर लग्नच राहिलं, बापाची सेवा करता करता. दर रविवारी दोघी बहिणी फोनवर तासभर कडाकडा भांडायच्या. जगात एकमेकींशिवाय त्यांचं होतं कोण?

ऑक्टोबरात डोरीनच्या फुप्फुसाचं कळलं. घरी येणाऱ्या नर्सने नोराला फोनवर स्पष्टच सांगितलं, "नाताळ बघतील त्या. उन्हाळ्याचं मला सांगता येत नाही."

नोराने फोन ठेवला आणि त्याच दुपारी स्टेशन गाठलं. दर गुरुवारी जायचं, तिने ठरवून टाकलं होतं. जाताना तीन गाड्या, येताना तीन. पेन्शनीत पुरं तिकीट झेपणारं नव्हतं, पण साठीच्या पुढच्यांना सवलतीचं कार्ड मिळतं. ते काढलं की तिकिटाचा तिसरा हिस्सा वाचतो.

तिकिटाच्या खिडकीत तारिक होता. लहानपणी नोराच्या हातचं जेवून मोठा झालेला, आता स्वतःच दोन पोरांचा बाप.

"एका वर्षाचं देऊ की तीन वर्षांचं, मावशी? पण तुम्हाला काय विचारायचं म्हणा! तीनचं स्वस्त पडतं," म्हणत त्याने तीनचा फॉर्म काढलासुद्धा.

नोराच्या ओठांवर 'तीन' आलंच होतं. तेवढ्यात जन्माच्या सवयीने डोकं हिशेब करायला लागलं. किती ताटं, किती दिवस. डोरीनपाशी जायचं सोडलं तर गाडीत बसून तिला जायचं होतं कुठे? बाकी गावाला म्हातारपणाचा बसचा पास पुरत होता.

"एक," ती म्हणाली.

तारिकने मान वर केली. "तब्येत बरी आहे ना, मावशी?" तो हसत म्हणाला.

"तुझी जीभ फार चालते. दे लवकर."

तिने कार्डावर सही केली. सही नसेल तर ते चालत नाही.

पहिल्या गुरुवारी ती पोचली तेव्हा डोरीन खिडकीपाशी पलंगावर उशांना टेकून बसली होती. शेजारीण ग्लेनिस दार उघडून, किल्ली देऊन निघून गेली. नोराने डब्यातून पार्किन काढलं, गुळाचा आल्याचा केक, आईच्या हातच्यासारखा. डोरीनने कणभर तोंडात टाकला.

"तिकिटाला किती घातलेस गं? कार्ड काढलंस की नाही?"

"काढलं."

"बघू."

"त्यात काय बघायचंय? कार्डासारखं कार्ड."

"दे म्हणते ना!"

नाही म्हणायला नोराला कारण सुचेना. डोरीनने चष्मा लावला, कार्ड उजेडाकडे धरलं आणि मुदतीची तारीख वाचली. मग पुन्हा वाचली.

"आयुष्यात पहिल्यांदा तू लहान पुडा घेतलास, नोरा," ती म्हणाली.

नोराने कार्डासाठी हात पुढे केला. "तीनची... तीनची संपली होती त्यांच्याकडे."

"कार्डं काय पाव आहेत संपायला?" डोरीन हसायला लागली. हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना. नोराने पाठ चोळली, पाणी पाजलं. खोकला निवल्यावर डोरीनने कार्ड बहिणीच्या हातात ठेवलं आणि वरून हात थोपटला. "असू दे गं. तुझा अंदाज कधी चुकलाय? जा, चहा टाक."

नोरा आत गेली आणि किटली पुरती उकळेपर्यंत सिंकला धरून रडली. मेली ही सवय, मेलं हे डोकं, असं स्वतःलाच शिव्या घालत रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा तारिकच्या खिडकीत हजर. "हे घे आणि तीनचं दे. वरचे पैसे देते."

"एकदा सही झाली की बदलता येत नाही, मावशी. हे संपू द्या, मग तीनचं काढू," तारिक म्हणाला.

मग गुरुवारमागून गुरुवार गेले. नोरा जायची, चादरी बदलायची, सूप भरवायची, डोरीनच्या पसाऱ्यावरून तिला बोल लावायची. डोरीन टोमणे मारायची. कार्डाचा विषय मात्र दोघींनीही पुन्हा काढला नाही. डोरीनने नाताळ बघितला, रिवाजाची कागदाची टोपी डोक्यावर घालून दोन घास पुडिंगही खाल्लं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, एका सोमवारी, ती गेली. म्हणजे अंदाज बरोबर निघाला. असला बरोबर अंदाज जळो मेला.

दफन झाल्यावर ग्लेनिसने डोरीनची पर्स आणून दिली. आत कंगवा होता, पेपरमिंटच्या गोळ्या होत्या आणि एक कोरं करकरीत कार्ड. डोरीनच्या नावाचं. तीन वर्षांचं. खाली सही, रेघेखाली घसरलेली.

"तुम्ही पहिल्यांदा येऊन गेलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी मला पिटाळलं स्टेशनवर," ग्लेनिस म्हणाली. "मी म्हटलं, डोरीन, अगं बाई, फाटकापर्यंत तुला चालवत नाही. घ्यायचंच तर एका वर्षाचं घे. तर म्हणते कशी, 'तीनच आण. उन्हाळ्यात मी नोराकडे जाणार आहे. तिने एकच वर्ष धरलंय, मी तीन धरते.' तुम्हाला सांगू नको म्हणाली. दारात जाऊन उभी राहते आणि तिची जिरवते, म्हणाली."

नोरा जिन्याच्या पायरीवर बसली आणि मोठ्याने रडली. आईबापाच्या वेळीही अशी रडली नव्हती. ग्लेनिसने तिला रडू दिलं.

कार्डाचे नऊ महिने उरले होते. नोराच ती, वाया कसे जाऊ देणार? महिन्यातून एका गुरुवारी ती मेरीपोर्टला जात राहिली. थडग्यावरचं गवत काढायची, वाऱ्यात बाकावर बसून डब्यातलं पार्किन खायची, आणि परतीची गाडी धरायची. चहा टाक म्हणणारं कुणी नव्हतं.

पुढच्या ऑक्टोबरात ती तारिकच्या खिडकीत उभी राहिली. गुडघे आता जिना चढू देत नव्हते. तिने आपलं संपलेलं कार्ड ठेवलं आणि शेजारी डोरीनचं.

"यावर अजून दोन वर्षं शिल्लक आहेत," ती म्हणाली. "माझ्या नावावर नाही का करता येणार?"

तारिकने नाव वाचलं, सही बघितली. गेल्या खेपेला आपण काय थट्टा केली होती ते त्याला आठवलं असावं. "नाही हो, मावशी," तो हळू आवाजात म्हणाला. "ज्याचं त्यालाच."

"ठाऊक होतं मला. विचारून बघितलं." तिने डोरीनचं कार्ड पुसून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. मागे रांगेत कुणीतरी घसा खाकरला.

"तुमचं एका वर्षाचं करू का?" कठड्यावर भार टाकून उभ्या असलेल्या तिच्याकडे बघत तारिकने विचारलं.

"एक कशाला?" नोरा म्हणाली. "तीनचं दे."