गांडूळखताच्या वाफ्यातली रिकामी ओळ

किस्से कुणी पेरत नाही, ते तणासारखे आपोआप उगवतात! आमच्या लेट्यूसच्या ट्रायलमध्ये तर पिकापेक्षा किस्सेच जास्त निघाले.

मी शहरातली, मंगळवार पेठेतली, शेतकीच्या एम.एस्सी.ला. प्रयोगासाठी कोडोली गावात तानाजीमामांच्या रानात लेट्यूस, म्हणजे सॅलडची पानं, लावली होती. कुठे शेणखत, कुठे गांडूळखत. काही वाफ्यांत रोपं दाट, काहींत लांब लांब. मामा म्हणाले, "म्याडम, कोबी हाय न्हवं? मग गड्डा कवा धरणार?" नुसती पानंच खायची, असं सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे म्हशीचंच की!"

*

मग गांडूळखताच्या वाफ्यातलं एक रोप गेलं. गेलेल्या रोपाच्या जागी नवं लावायचं, याला नांग्या भरणं म्हणतात. मी नांगी भरली. सकाळी जागा पुन्हा मोकळी! ना खड्डा, ना पाऊल, ना वाळकं पान. लावणीला येणाऱ्या हौसाक्का म्हणाल्या, "मेलं न्हाय त्ये. गेलंया!"

मी हसले. त्या नाही हसल्या.

*

मग शेजारचं गेलं, त्याच्या शेजारचं गेलं. बघता बघता ओळच्या ओळ रिकामी. मामांनी उंदराचा सापळा लावला, आत भाकरीचा तुकडा. सकाळी सापळ्याचं दार बंद. आत भाकरी तशीच, आणि तिच्यावर लेट्यूसचं एक ताजं पान!

"भाजी-भाकरी झाली की," मामा म्हणाले. पण त्या दिवसापासून त्या वाफ्याकडं पाठ करून ते कधी उभे राहिले नाहीत.

*

गाईड सरांचा फोन आला. "उद्या बघायला येतोय. ओळ रिकामी दिसली तर ट्रायल रद्द. वर्ष गेलं समज!" मला रडूच कोसळलं.

सकाळी रोपं घेऊन गेले, तर दाट धुकं. अंतरासाठी आमच्याकडं गाठी मारलेली दोरी असते. एक टोक खुंटीला, दुसरं माणसानं ताणून धरायचं आणि गाठीला रोप लावायचं. मी खुंटी ठोकली. पलीकडं पावलं वाजली.

"अक्का, ताणा!"

दोरी ताठ झाली. मी भराभर रोपं लावत निघाले. ओळ संपत आली आणि मागून, बांधावरून हौसाक्कांचा आवाज आला, "एकटीच लागलासा व्हय? थांबा की, आलोच मी!"

दोरी अजून ताठच होती.

दुपारी सर आले. सगळी रोपं जागेवर. त्या ओळीपाशी ते थांबले. "अख्ख्या ट्रायलमध्ये हीच एक ओळ सरळ आहे! दोरी कुणी धरली होती?"

हौसाक्कांनी माझ्याकडं पाहिलं.

मी म्हटलं, "सर, चहा घेताय ना?"