पायांकडे बघणारे खासदार

देशाच्या संरक्षणाचा विचार पायाच्या अंगठ्यापासून सुरू करणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो नाशकात गंगापूर रोडला आमच्या शेजारच्या बंगल्यात राहत होता. बाकीचे पुढारी छातीपासून सुरुवात करतात. आधी छाती, मग मनगट, मग तोफ, मग विमान. आमचे शेजारी थेट खाली बघायचे. ते एका टर्मचे खासदार होते. कुठल्या मतदारसंघाचे ते सांगत नाही. उगाच कोणी जुनी यादी काढून बसेल. मूळचे विंचूरकडचे, कांद्याच्या व्यापारातले, अर्धं आयुष्य लासलगावच्या मार्केटात गेलेलं. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही अण्णाच म्हणे. ते मला बाई म्हणत, कारण मी शाळेत हिंदी शिकवायचे आणि तसा माझा चेहराच होता.

कुणीही भेटलं की अण्णांची नजर आधी त्याच्या पायांवर जायची. चपलेची झीज बघून माणूस किती चालतो, कसा चालतो, घरी कुणी विचारणारं आहे की नाही, सगळं सांगायचे. कॉलनीतल्या एका लग्नात आशीर्वाद द्यायला त्यांना स्टेजवर बोलावलं, तर माईक हातात घेऊन नवरदेवाला म्हणाले, "जावईबापू, सुखी राहा. पण मोजडी अर्धा नंबर लहान घेतलीय. उद्यापासून जिच्याबरोबर चालायचंय तिला आज लंगडून दाखवू नका." सुट्टीवर आलेला जवान गावात आहे असं कळलं की अण्णा त्याच्या घरी जायचे आणि चहाच्या आधी त्याचे बूट मागायचे. कांदा दाबून बघतात तसा टाचेशी अंगठा रोवायचे, तळव्यावर बोटांनी टकटक करायचे. "वरून लाल दिसला म्हणून कांदा घेत नाय कोणी," असं म्हणत बूट परत ठेवायचे.

याला कारण होतं. निवडून आल्यावर खासदारांच्या एका गटाबरोबर त्यांना बर्फातल्या कुठल्याशा चौकीवर नेलं होतं. बाकीच्यांनी तोफेला टेकून फोटो काढून घेतले. अण्णा एका पोरसवदा शिपायाला बाजूला घेऊन म्हणाले, "बूट काढ बरं, बाळा." बूट एक नंबर मोठा होता. पुढे अंगठ्यापाशी त्याने कागदाची घडी कोंबली होती. तेवढंच. पण अण्णा परत आले ते ती घडी स्वतःच्या बुटात असल्यासारखे. "बाई, त्याला विचारलं, बोलला का नाय कुणाला? तर हसला नुसता."

संसदेत बोलायचं तर हिंदी हवं, आणि अण्णांचं हिंदी म्हणजे टोपी घातलेली मराठी. म्हणून प्रत्येक भाषणाची तालीम आमच्या व्हरांड्यात होई. मला वेताच्या खुर्चीत बसवायचे, 'अध्यक्ष महोदय' अशी हाक मारायचे, आणि वेळ संपली की मी देवघरातली घंटा वाजवायची. "अध्यक्ष महोदय, जवान को वहाँ बहुत थंडी बजती है."

"अण्णा, ठंड लगती है. बजता है तो ढोल."

"बरं, लगती है. पण बाई, बजती म्हटलं की कशी दातावर दात वाजल्यासारखी वाटते."

आतून आमचे हे ओरडायचे, "अध्यक्ष महोदयांनी कुकरकडे बघावं, तीन शिट्ट्या झाल्या."

आणि एवढा राष्ट्राच्या सुरक्षेचा अभ्यास करणारा माणूस, स्वतःच्या घराला कुलूप म्हणून लावत नसे. सकाळी सहाला दोन्ही दारं सताड उघडायची ती झोपेपर्यंत तशीच. एकदा मी टोकलं, तर म्हणाले, "दार लोटलेलं दिसलं की माणूस समजतो घरात कुणी नाय. निघून जातो." वहिनी जाऊन सात वर्षं झाली होती, मुलगी परदेशात. त्यांच्या पायरीवर तेव्हा इतक्या चपला असायच्या की स्वतःची शोधायला अण्णांना काठी लागायची. त्या सगळ्या चपलांची कामं असायची, कुणाला शिफारस, कुणाला बदली. पण अण्णांना त्या चपलाच हव्या होत्या. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मला तेव्हा बरंच काही कळत नव्हतं, आणि जे कळत नव्हतं त्याबद्दल माझी मतं फार ठाम होती.

तर ते वर्ष आलं. सीमेवर फौजा समोरासमोर उभ्या होत्या, आणि नाशकातली सगळ्यांत पेटलेली आघाडी म्हणजे आमचं महिला मंडळ. मी त्याची सचिव. युद्धाची मला इतकी घाई झाली होती की जणू ते आमच्या कार्यक्रमपत्रिकेवरच होतं, हळदीकुंकवानंतर आणि आभारप्रदर्शनाच्या आधी. मी अंगणात रणगाड्याची रांगोळी काढली होती. लोक तिला टेम्पो समजले, पण भावना पोचली. झुरळ दिसलं की पलंगावर चढून ह्यांना हाका मारणारी बाई मी. पण शत्रूच्या मुलखात किती आत शिरायचं यावर माझं मत तयार होतं.

त्याच आठवड्यात अण्णा संरक्षण खात्याच्या मागण्यांवरचं भाषण घेऊन आले. दिल्लीची गाडी धरायची होती, तालमीला वेळ नव्हता. "बाई, नुसतं बघून द्या," म्हणाले. मी लाल पेन घेतलं आणि का-की-के दुरुस्त करत चारही पानं एका दमात संपवली. एका डोळ्याने पानं, दुसऱ्याने रांगोळी. मजकूर काय होता? संरक्षणाचा एक रुपयाही कमी करू नका. पण पहिला रुपया पायाला द्या. नव्या खरेदीची लांब यादी आहे, त्यातली अर्धी पुढच्या वर्षी घ्या, आधी प्रत्येक जवानाला त्याच्या मापाचे बूट, मोजे आणि राहायला नीट खोली. 'तोप बाद में, पहले पाँव.' हे वाक्य मी वाचलं होतं, बरं का. तिथे नुसतंच 'पाव' होतं, त्यावर चंद्रबिंदू मीच दिला. बाकी वाक्याचं मला काही देणंघेणं नव्हतं.

चार दिवसांनी पेपरात मथळा आला: खासदारांचा शस्त्रखरेदीला विरोध. खाली नाव अण्णांचं. पहिला अर्धा भाग जागेअभावी गेला असावा. मी मथळा वाचला आणि माझं रक्त उसळलं. हे तेच भाषण आहे हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही, कारण मी ते तपासलं होतं, ऐकलं नव्हतं. दुपारी मंडळाची तातडीची सभा, आणि एकमताने ठराव: असल्या भेकड खासदाराला बांगड्यांचा आहेर करायचा. भद्रकालीच्या बाजारात जाऊन बांगड्या मीच घेतल्या. कासाराने साध्या दाखवल्या तर मी सोनेरी ठिपक्यांच्या हिरव्या मागितल्या. अपमान असला म्हणून काय झालं, वस्तू चांगली हवी.

अण्णा दिल्लीहून आले त्या सकाळी आम्ही अकरा जणी पेपरच्या फोटोग्राफरला घेऊन गेलो. निघताना ह्यांनी आमच्या दारात एवढंच विचारलं, "भाषण पुरं वाचलंस का?" मी म्हणाले, "मथळा पुरेसा आहे." अण्णांचं दार अर्थातच उघडं होतं. अण्णा दिवाणखान्यात कागद पसरून बसले होते. म्हणाले, "या, या. बसा."

"आम्ही बसायला आलेलो नाही," मी म्हणाले.

"मग उभ्यानं चहा घ्या."

मी पुडकं पुढे केलं. त्यांनी सावकाश सोडलं, एक बांगडी उजेडात धरली. "चांगल्या घेतल्यात हो. आमच्या हिला हिरव्याच लागायच्या. लय दिवसांनी वाजली या घरात बांगडी."

आमच्या खजिनदारबाई पुढे सरसावल्या. "अण्णा, त्या घालायला आणल्यात, कौतुकाला नाही."

"घातल्या असत्या, ताई. पण माप चुकलं. बूट असो का बांगडी, ज्याला द्यायची त्याला माप विचारावं."

दोघीतिघी हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. तेवढ्यात माझी नजर टीपॉयवर गेली. भाषणाची चार पानं तिथेच पडली होती, आणि पानभर माझी लाल शाई. पहिलं पान वरच होतं. रुपया, पाय, बूट. ते दोन हातांवरून मला स्पष्ट दिसत होतं, आणि मी ते आयुष्यात प्रथमच वाचत होते.

खजिनदारबाई म्हणाल्या, "असलं भाषण लिहून तरी कोणी दिलं तुम्हाला?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, घोटभर. मग शेजारचा पेपर उचलून सहज ठेवावा तसा त्या पानांवर ठेवला. "लिहिलं मीच. चुका पण माझ्याच."

एक वाक्य बोलायचं होतं मला. वर्गात पन्नास मुलींपुढे तास तास बोलणारी बाई मी. पदराला हात पुसले, पुसण्यासारखं काही नसताना, आणि बायकांबरोबर बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्यात अण्णा हसतायत, मी खाली मान घालून पुडकं देतेय. बघणाऱ्याला सत्कारच वाटेल.

पुढच्या निवडणुकीत त्यांचं तिकीट कापलं गेलं. कारणं पुष्कळ असतील, पण तो फोटो 'बांगड्यांचा आहेर' म्हणून पक्षात सगळ्यांना दाखवला गेला हे मी ऐकलं. मोटारी यायच्या थांबल्या. पायरीवरच्या चपला आटत आटत एका जोडावर आल्या, तो त्यांचाच. आमच्या गॅलरीतून मला तो रोज दिसायचा. दार सकाळी सहाला उघडायचं ते उघडंच असायचं. दोन बंगल्यांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. ती ओलांडायला मला चार वर्षं पुरली नाहीत. बोलायचं वाक्य मी घोटून ठेवलं होतं. मराठीत एक, हिंदीत एक. हे म्हणायचे, "व्याकरण बरोबर आहे. आता जा." मी म्हणायचे, उद्या.

मग हेच गेले. तेरावा झाला, माणसं पांगली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा फाटक उघडून आले. व्हरांड्यात दहा मिनिटं बसले आणि उठून गेले. असे ते रोज येऊ लागले. कधी पेपरातली बातमी सांगायचे, कधी नुसतेच बसायचे. पंधरा-वीस दिवसांनी मी घोटलेलं सगळं विसरून म्हणाले, "अण्णा, त्या दिवशी ती शाई माझी होती. मी बोलायला हवं होतं."

त्यांनी पाय जरा आत घेतले. "कशाला? बोलला असतात तर त्या दहा जणींनी तुमच्याकडं पण यायचं सोडलं असतं. दोघं वाळीत पडलो असतो. एकावर भागलं, ते बरं झालं."

मी म्हणाले, "चहा टाकते," आणि आत जाऊन बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिले.

दोन वर्षांनी अण्णाही गेले. त्या जागी आता मोठी इमारत आहे आणि तिथल्या पहारेकऱ्याच्या वहीत नाव लिहिल्याशिवाय आत सोडत नाहीत. मला उत्तरं नेहमीच तास संपल्यावर सुचतात. परवा दुपारी गॅलरीत मेथी निवडत बसले होते, तेव्हा त्यांच्या त्या बोलण्याला काय म्हणायला हवं होतं ते सुचलं, आणि शेजारी कुणी नव्हतं तरी मी ते मोठ्याने म्हणूनही टाकलं. अण्णा, दोघं वाळीत पडलो असतो, तर ती चार वर्षं निदान एकमेकांकडे तरी गेलो असतो.