घोंगडीला लावलेली निलगिरी

नवीन जालन्यात मी दहा-बारा वर्षं निलगिरीचा वास विकला. फरशी पुसायचं पाणी, कपाटात ठेवायच्या पुड्या, न्हाणीघरात टांगायचे कापसाचे बोळे. बायका कौतुकानं विचारायच्या, "हे सुचलं कसं हो तुम्हाला?" मी सांगायचे, "आमच्या माहेरी निलगिरीची झाडं आहेत ना, लहानपणापासून सवय." झाडं होती, हे खरं. सामाजिक वनीकरणवाल्यांनी गावाबाहेर रस्त्याकडेला लावली होती, आणि त्यांचं एक पानही मी कधी चुरगाळून पाहिलं नव्हतं. बाकीचं सगळं मी चक्क दडपून ठेवलं. आता लिहायलाच बसले आहे, तर सांगून टाकते.

आमच्या घरी मेंढरं होती. भोकरदनच्या पुढं, धावड्याच्या अंगाला आमचं गाव. थोडी कोरडवाहू जमीन आणि साठ-सत्तर मेंढरं. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, सगळा जीव मेंढरांत. कळपामागं चालता चालता ते हातातल्या टकळीवर लोकर कातायचे. कुणाशी बोलताना, अगदी भांडतानासुद्धा, त्यांची टकळी थांबायची नाही. घराला, अंथरुणाला, माझ्या वेण्यांना मेंढरांचा वास होता, पण असा काही वास असतो हे आम्हाला माहीतच नव्हतं. आठवीला मला भोकरदनच्या शाळेत घातलं तेव्हा ते कळलं. शेजारची मुलगी नाकाला रुमाल लावून बाकाच्या टोकाला सरकली. तिचं अर्धं अंग बाकाबाहेर होतं, तरी ती तशीच बसून राहिली. आठवडाभरात वर्गात माझं नाव 'मेंढी' पडलं.

त्या वर्षी हिवाळ्यात मला पडसं झालं. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरबाईंनी माझ्या रुमालावर निलगिरीच्या तेलाचे चार थेंब टाकले आणि हुंगत राहा म्हणाल्या. पडसं काही हटलं नाही. पण त्या दिवशी शेजारची मुलगी सरकली नाही. मी काय समजायचं ते समजले. त्यानंतर एक चिमुकली बाटली कायम माझ्या दप्तरात असायची आणि रोज शाळेच्या फाटकाशी थांबून मी कॉलरला, वेणीला, दप्तराच्या पट्ट्याला तेल लावायचे. घरी विचारलं तर सांगायचे, डोकं दुखतं. आबा म्हणायचे, "पोरीचं डोकं लई दुखून राह्यलं, अभ्यासाचा ताण आसंल." मला हसू यायचं. तेव्हा हसू यायचं, हेही लिहूनच ठेवते.

लग्न होऊन मी नवीन जालन्यात आले. नवरा एका बियाणं कंपनीच्या हपिसात कारकून. स्टेशनच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्या. समोरच्या बंगल्यात एका व्यापाऱ्याच्या घरच्या वहिनी राहायच्या, त्यांच्या घरात पाऊल टाकलं की उदबत्तीचा आणि धुतलेल्या पडद्यांचा वास यायचा. मला तसंच घर हवं होतं. बाटली आता दप्तरातून फडताळात आली होती. मी पोतेऱ्याच्या बादलीत निलगिरीचं तेल टाकायला लागले, पण तेल नुसतंच पाण्यावर तरंगायचं आणि फरशीवर चट्टे उठायचे. जुन्या जालन्यात एक म्हातारे अत्तरवाले होते, त्यांच्याकडून मी तेल घ्यायचे. त्यांनी सांगितलं, आधी रिठे उकळ, ते पाणी गाळ आणि त्यात थेंब थेंब तेल सोडत एकाच बाजूनं ढवळत राहा. तसं केलं, आणि पाणी दुधासारखं पांढरं झालं. आणखीही एक गोष्ट त्यांनी सांगितली. "बेटी, ये तेल नाक पे पहले चढता, और जल्दी उड बी जाता. घंटाभर टिकता बस. इसके नीचे कुछ तो बिठाना पडता." त्यांनी वाळ्याचं तेल दिलं. ते दोन थेंब खाली बसले की वरची निलगिरी जरा जास्त वेळ थांबायची.

वहिनींनी एक बाटली नेली, मग त्यांच्या जावेनं, मग बँकेतल्या साहेबांच्या बायकोनं. मी स्वतःच्या हातानं चिठ्ठ्या लिहून बाटल्यांना चिकटवायचे. मजकूर वहिनींनी सुचवला होता: 'घरातील दुर्गंधी घालवते'. वर्षभरात माझ्या स्वयंपाकघरात तव्यापेक्षा रिठ्याचं पातेलं जास्त वेळ तापायला लागलं. मी फार मिजाशीत होते त्या दिवसांत.

मुलगा दोन महिन्यांचा असताना आबा आले. खांद्यावर नवी कोरी काळी घोंगडी. वर्षभर स्वतः कातलेली लोकर, सणगराकडून विणून आणलेली, चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेली. आमच्यात मूल पहिल्यांदा निजवायचं ते घोंगडीवर. आबांनी ती खोलीच्या मधोमध अंथरली, नातवाला वर ठेवलं आणि म्हणाले, "बराबर चार हात लांब आन् वर बोटभर. आपल्याच मेंढराची हाय, एक केस भाईरचा न्हाई." मग तिथंच बाजूला मांडी घालून बसले आणि दिवसभर बसून राहिले. संध्याकाळी जायची वेळ झाली तरी उठवेना. मीच म्हणाले, आबा, गाडी चुकेल.

ते गेले आणि खोलीत मेंढरं उरली. नव्या घोंगडीला तो वास असतोच, आणि श्रावणातली दमट हवा, त्यात तो आणखी फुगला. दुसऱ्या दिवशी वहिनी बँकेतल्या बायकांना माझा माल दाखवायला घेऊन येणार होत्या. मला आठवीतला बाक आठवला. मी घोंगडी उचलली, न्हाणीत नेली, बंबातलं कढत पाणी ओतलं, त्यात रिठ्याचं पाणी आणि अर्धी बाटली निलगिरी घातली आणि दोन्ही हातांनी घासघासून धुतली.

घोंगडीला कढत पाणी लावायचं नसतं. ती उन्हात टाकायची, काठीनं झटकायची, फार तर पावसात भिजू द्यायची. मेंढपाळाच्या घरातलं शेंबडं पोरही हे जाणतं, म्हणजे मला माहीत नव्हतं म्हणायचीही सोय नाही. हातातल्या हातात ती आकसत गेली, खळ सुटून पाणी चिकट झालं, आणि वाळल्यावर उरलं ते एक जाड, आखूड, कडक फडकं. वास मात्र निलगिरीचा. मी ते घडी करून माळ्यावर टाकलं. बायका आल्या, घर हुंगलं, सहा बाटल्या नेल्या. वहिनी म्हणाल्या, "हिच्या घरात शिरलं की डोकं कसं हलकं होतं." मला फार बरं वाटलं.

पुढं मुलाचं जावळ काढायचं ठरलं. मला भाऊ नाही, म्हणून मामाच्या जागी आबाच बसणार होते. ते आणि माझी माय सकाळच्या एसटीनं आले. आबांनी नवा पटका बांधला होता. न्हावी आला, वहिनी आल्या, शेजारच्या दोघी-तिघी आल्या. आबा मला म्हणाले, "घोंगडी काढ माय. तिच्यावर बसून मांडीवर घेतो पोराला."

मी म्हणाले, "सतरंजी आहे ना आबा, नवी आहे."

"सतरंजीवर कुटं जावळ काढतेत? काढ, काढ. येवढ्यासाठीच दिल्ती."

मी अजून काहीतरी सबब शोधत होते, तेवढ्यात नवऱ्यानं माळ्यावरून ती काढून आणली. त्या बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. आबांनी घडी उलगडली. उलगडायला फारसं काही नव्हतंच. त्यांनी ती जमिनीवर ठेवली, कडेनं वीत लावून मोजायला गेले आणि मध्येच हात थांबवला. मग अंगठ्यानं लोकर चोळली आणि नाकाशी धरली. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. चार शब्द बोलले असते, शिव्या घातल्या असत्या, तरी चाललं असतं.

वहिनींनी विचारलं, "एवढुशी का हो घोंगडी?"

मला सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं.

आबा म्हणाले, "लोकर कच्ची व्हती, ताई. माझ्याच हाताचा दोष. बिलकुल ध्यान दिलं न्हाई कातताना."

पंचक्रोशीत ज्या माणसाच्या सुताला कुणी कधी नाव ठेवलं नव्हतं, तो माणूस चार परक्या बायकांसमोर हे बोलला, आणि मी ते बोलू दिलं. वर मानही डोलावली. मायनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि ताटातले तांदूळ निवडत बसली. आबा त्या आखूड फडक्यावर कसेबसे बसले, गुडघे बाहेर जमिनीवर, आणि जावळ निघालं.

त्यानंतर आबांचं येणं बदललं. यायचे पूर्वीसारखेच, दोन-तीन महिन्यांतून एकदा, नातवासाठी शेंगा, हुरडा, काहीबाही घेऊन. पण तासाभरात उठायचे. चहा झाला, पोराला मांडीवर घेतलं, की लगेच, "चल, एसटी सुटंल." जेवून जा म्हटलं तर म्हणायचे, "जल्दी हाय आज. मेंढरं सोडून आल्तो." आणि त्यांच्या अंगाला निलगिरीचा वास यायचा. गुडघ्यांसाठी मीच त्यांना एक बाटली दिली होती, तिळाच्या तेलात मिसळून लावा म्हणून. मला वाटलं, लावतात. ती संपली तसं त्यांनी आपणहून दुसरी मागून घेतली, मग तिसरी. वहिनींना मी ऐटीत सांगितलंही, "माझे वडीलसुद्धा माझंच तेल वापरतात." घोंगडीचं ते विसरले, असं मी धरून चालले होते. मला सोयीचं होतं ते.

मुलगा चालायला लागल्यावर एकदा त्याला नवऱ्याजवळ ठेवून, न कळवता मी गावी गेले. आबा मेंढरं घेऊन रानात होते. माय भाकरी थापत होती. केस विंचरायला म्हणून भिंतीतल्या दिवळीत हात घातला, तर फणीशेजारी माझी बाटली. वर माझ्याच अक्षरातली चिठ्ठी: 'घरातील दुर्गंधी घालवते'. नेहमीची चिठ्ठी न बघता चिकटवली होती मी. आबांना वाचता येत नव्हतं. वाचायची काही गरजही पडली नसावी.

मी मायला विचारलं, "आबांचे गुडघे बरे आहेत का गं? बरंच तेल संपलंय."

"गुडघ्याला कुटं लावतेत?" माय तव्यावरून नजर न काढता म्हणाली. "तुज्याकडं यायचं म्हन्लं का धोतराला लावतेत, पटक्याला लावतेत. जालन्याला येसटीतून उतरले का आडोशाला थांबून पुन्हा एकदा. मी म्हन्लं, काहून आसं? तर म्हन्तेत, पोरीच्या घरी मोठी मानसं येतेत. म्हन्तेत, तासाभरात उडून जातंय त्ये, त्याच्या आत निघाया पाह्यजे."

मला शाळेचं फाटक आठवलं. कॉलर, वेणी, दप्तराचा पट्टा. आपण काय करून ठेवलं हे मला तेव्हा कळलं. मायनं भाकरी उलटली.

दिवस मावळायच्या आत बाहेर मेंढरांचा कालवा झाला. मी बाटली हातात घेऊनच दारात आले. आबा कळप वाड्यात कोंडून अंगणात आले. मला पाहून चेहरा फुलला, दोन पावलं भरभर पुढं आले आणि एकदम थांबले. डोईचा पटका सारखा केला, हात धोतराला पुसले.

"कवा आलीस माय? सांगावा तरी धाडायचा." मग जरा ओशाळून म्हणाले, "त्या दिवळीत बाटली हाय बघ, दे जरा इकडं. मंग बसू निवांत."

बाटली माझ्या मुठीत होती, अर्धी भरलेली.

"संपली, आबा," मी म्हणाले. त्यांच्यासमोर आणखी एक खोटं.

"मंग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. घरात काही ते शिरले नाहीत. स्वतःच्या घरात. अंगणात एक लांब दगड होता, कपडे धुवायचा, त्यावर जाऊन बसले आणि तिथूनच नातवाचं विचारू लागले, दात किती आले, काय बोलतो.

मी बाटली कनवटीला खोचली, जाऊन त्यांच्या शेजारी बसले. आबा दगडाच्या टोकाला सरकले.