पडद्यावरचं शून्य

चूक माझीच. नदीची पातळी दाखवणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. त्यातलं तयार फंक्शन आकडा वाचता आला नाही तरी शून्यच देतं, हे ठाऊक असूनही मी तपासणी लिहिली नाही.

त्या दुपारी नदीतल्या सेन्सरची वायर तुटली होती, हे मला नंतर कळलं. पडद्यावर शून्य होतं, म्हणजे पाणी नेहमीइतकंच. पुलाजवळच्या दत्तूकाकांचा फोन आला, "साहेब, नदी आज वेगळाच आवाज करतेय. म्हशी वर नेऊ का?"

"यंत्र शून्य दाखवतंय, काका. उगाच घाबरता!"

धोका नाही आणि काहीच कळत नाही, पडद्यावर दोन्हींचा चेहरा एकच, शून्य. असे किती शांत पडदे आज कुणीतरी विश्वासाने बघत असेल.

संध्याकाळी पूर आला आणि काकांच्या दोन्ही म्हशी वाहून गेल्या. महिन्याने रिकाम्या गोठ्यात उभा राहून म्हणालो, "काका, यंत्र नाही, मी चुकलो. माफ करा."