अपेक्षाने बसवलेला फिल्टर

माझी मुलगी अपेक्षा दौंडच्या आयटीआयमधून फिटर झाली. भांडगावच्या हरिबाआप्पांच्या लाकडाच्या वखारीत तिला काम लागलं, तेव्हा भावकी हसली. तिथे एक हायड्रॉलिक मशीन आहे. तेलाच्या दाबाने लोखंडी पाचर पुढे येते आणि बाभळीचा ओंडका उभा फोडते. ते लाकूड कुरकुंभला बॉयलरसाठी जातं.

मशीनला तेलातला कचरा अडवणारा फिल्टरच नव्हता. तिने पहिल्याच आठवड्यात बसवला. तेल व्हॉल्व्हमधून टाकीत परततं त्या पाइपवर, फिल्टरवरचा बाण टाकीकडे, आणि ओंडके पडतात त्याच्या पलीकडच्या अंगाला. कागदी फिल्टर वाटीत बसवायचा, वाटीच्या रबराच्या रिंगला तेलाचं बोट लावायचं, वाटी हातानेच आवळायची. पहिला पन्नास तासांनी बदलायचा, पुढचे दोनशेला. तास ती टाकीवर खडूने लिहायची.

"आगं, च्या गाळायचाय का तेल?" आप्पा म्हणायचे. मशीन चालवणारे बिरदेवमामा मात्र तिला "आमच्या मिस्त्रीणबाई" म्हणत.

खंडेनवमीला ती सुट्टीवर होती. पूजेसाठी बिरदेवमामांनी पाण्याच्या मोटारीचा पाइप लावून मशीन लख्ख धुतलं. टाकीच्या झाकणाला हवेसाठी छिद्र असतं, त्यातून पाणी आत गेलं. दसऱ्यानंतर तेल ताकासारखं पांढरं झालं, कागदी फिल्टर फुगून तुंबला, पाचर रेंगाळू लागली.

"आप्पा, नवं तेल आन् नवा फिल्टर लागंल. तवर मशीन बंद ठेवा," अपेक्षा म्हणाली.

"दिवाळीच्या आत गाड्या भरायच्यात. तूच बस घरी बंद व्हऊन."

ती जेवायला बसली तेवढ्यात आप्पांनी जेसीबीतून काढलेलं जुनं तेल फडक्यातून गाळून टाकीत भरलं. तुंबलेला फिल्टर काढून टाकला आणि नुसती रिकामी वाटी परत चढवली. तिला कळलं तेव्हा ती भांडली. घरी येऊन मला सांगितलं. मी म्हणाले, "तू सांगितलंस ना? मग झालं."

नवव्या दिवशी तेलातल्या कचऱ्याने व्हॉल्व्ह अडकला. मामांनी लिव्हर सोडला, पण तो मागे आलाच नाही. पाचर येतच राहिली. अपेक्षाने धावत जाऊन इंजिन बंद केलं, तोवर ओंडक्यावर असलेल्या मामांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती.

तिसऱ्या दिवशी आप्पा कागद घेऊन आमच्या घरी आले. 'बिरदेवने चालू मशीनमध्ये हात घातला. मशीनची देखभाल व्यवस्थित होती.' खाली फिटरची सही हवी होती.

"फिल्टर हिच्याच ताब्यात व्हता, वहिनी," चहाची बशी खाली ठेवत ते म्हणाले. "चौकशी झाली तर पैलं नाव हिचं."

"आई, मामांनी लिव्हर सोडला होता. मी पाहिलंय."

मी बी.ए. झालेली बाई. कागद दोनदा वाचला. खोटा आहे हे मला पुरतं कळत होतं. तरी पेन मीच आणून दिलं. मी तिला म्हणाले, "तुझं लग्न व्हायचंय."

तिने सही केली. मामांना काही भरपाई मिळाली नाही. चूक त्यांचीच ठरली.

परवा अपेक्षाने वखार सोडली. त्या सकाळी लिव्हर पुन्हा अडकू लागला होता. मामांच्या जागी आलेल्या विक्रमला ती म्हणाली, "बंद कर, हात जाईल."

तो हसून म्हणाला, "मामाच्या टायमाला तुमीच लिव्हून दिलं हुतं ना, मशीन चांगलं हाय म्हणून?"