पटकीला पटकीच म्हणायचं

१९७३च्या उन्हाळ्यात मी फौजेत नायक होतो, नर्सिंग असिस्टंट, पोस्टिंग नगर. नगर तालुक्यात एका पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर जुलाब-उलट्या सुरू झाल्या. आम्हाला हुकूम मिळाला : पिण्याच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर टाका, सिव्हिलच्या भानगडीत पडू नका. पहिला अर्धा हुकूम मी चोख पाळला.

०७०० वाजता आमच्या गाडीतून आणलेल्या पाण्याच्या पिंपात फौजी हातानं पावडर ओतली. वायरलेसवर ऐटीत रिपोर्ट दिला, "पाणी ओके. ओव्हर." ०८०० वाजता कामावरच्या बायांनी ते पाणी ओतून दिलं आणि ओढ्यातल्या डबक्याकडे निघाल्या. म्हणाल्या, जनावरबी तोंड लावनार न्हाई.

कामावर सरकारी नर्स होत्या, कोल्हारच्या मालनबाई. अंगानं काडी, आवाज सुभेदार मेजरचा. "नाईकसाहेब, ह्या काय तुमच्या पलटणीतल्या हायेत? पावडर बेतानं टाका, अर्धा तास थांबा, अन् पहिला तांब्या तुमी प्या."

प्यायलो. तोंड वाकडं झालं. बाया पोट धरून हसल्या, मग प्यायल्या.

११३० वाजता हिराबाईला झोळीत घालून आणलं. खडी फोडायची. तीन दिवस टँकर आला नव्हता, ती डबक्यातलंच पीत होती. आम्ही सलाईन लावलं. १४१० वाजता ती गेली.

ओव्हरसियर आले. टँकर त्यांनीच पाठवायचा होता. मालनबाईंना म्हणाले, "रजिस्टरात ऊन लागून गेली असं लिहा."

"पटकीचा संशय लिहिनार. उन्हाला टँकर कोन पाठवतं?"

"बाई, तुमचं काम सुया टोचायचं."

"दुसरी मरू नये म्हणून बोंब मारायची, हेबी नर्सचंच काम हाय."

त्यांनी लिहिलं. टेलिफोन ओव्हरसियरच्या ताब्यात होता. बाईंनी माझ्या वायरलेसकडे पाहिलं. मी सेट उचलला.

"पटकीचा संशय. एक मृत्यू. टँकर, सलाईन ताबडतोब. ओव्हर."

"हुकूम कोणाचा? ओव्हर."

"नर्सबाईंचा. ओव्हर."

पलीकडून, "रॉजर."

१७०० वाजता टँकर आला. सिव्हिलच्या भानगडीत पडलो म्हणून मला सात दिवस पिठ्ठू परेड मिळाली, पाठीवर भरलेलं ओझं घेऊन पळायची शिक्षा. बाईंना मेमो आला, तो त्यांनी दवाखान्याच्या भिंतीवर खळीनं चिकटवला.

त्यानंतर आजारी पडलेल्या सगळ्या जणी उठल्या. हिराबाई तेवढी उठली नाही. तिशीची होती. कुंकू लावून तिला मातीत ठेवताना मी टोपी नीट केली आणि सावधान उभा राहिलो. असा हुकूम मला कोणी दिला नव्हता.